1982 चा आवाज नेमका कोणता?

आजच्या भागाच्या सुरुवातीला संगीत वाजलं नाही, हे तुमच्या लक्षात आलं असेल. ते चुकून राहिलेलं नाही, मुद्दाम काढलंय. का, ते आधी सांगतो, कारण तोही इतिहासाचाच प्रश्न आहे.

आजचा विषय मुंबईचा गिरणी संप. 18 जानेवारी 1982 ला सुरू झालेला, सुमारे अडीच लाख कामगारांचा. आमचं एडिटिंग करणाऱ्या मित्राने त्यासाठी एक ट्रॅक पाठवला. रेट्रो सिंथ, गाणं नाही, नुसतं वाजवलेलं, मिनिटाला 118 ठोके. म्हणाला, "ऐंशीचं दशक ना? मग हाच लाव." ट्रॅक झकास होता. पाय आपोआप ठेका धरतो.

मी तो आधी मोबाइलच्या स्पीकरवर ऐकला, कारण तुमच्यापैकी बरेच जण तसंच ऐकता. बेस जवळजवळ गायब. वरची धून मात्र ठळक, थेट माझ्या बोलण्यावर चढणारी. यावर उपाय आहे: धून नसलेला तुकडा घ्यायचा आणि आवाज खाली ठेवायचा. लायसन्सचीही अडचण नव्हती. अडचण वेगळीच होती.

मला वाटलं, हा आवाज आपला नाहीच, अमेरिकन सिनेमातून आलेला. शोधायला बसलो आणि मीच चुकलो. 1980 च्या 'कुर्बानी'तलं 'आप जैसा कोई' देशभर वाजलं होतं. 1982 च्या डिसेंबरात 'डिस्को डान्सर' आला. आणि त्याच वर्षी, याच मुंबईत, हिंदी सिनेमाच्या वाद्यवृंदांत वाजवणाऱ्या चरणजित सिंग यांनी रोलँड कंपनीची तीन यंत्रं घेतली: टीआर-808 ड्रम मशीन, बेससाठी टीबी-303 आणि ज्युपिटर-8 सिंथेसायझर. त्यांवर भैरवी, ललत, मालकंस असे दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर वाजवून रेकॉर्ड काढली. ती फारशी चालली नाही. 2010 मध्ये पुन्हा निघाली, तेव्हा जगभरचे लोक चकित झाले. शिकागोत पुढे काही वर्षांनी आलेल्या अ‍ॅसिड हाउसशी तिचा आवाज फारच जुळत होता.

म्हणजे सिंथ हा 1982 च्या मुंबईचाच आवाज. पण तेव्हा तो रेट्रो नव्हता, नवाकोरा होता. आज तोच आवाज ऐकला की आपल्याला वाटतं, काय मस्त दिवस होते! खरी अडचण ही. त्याच वर्षी गिरणगावात पगार बंद होते. घरातली भांडी विकली जात होती, कितीतरी जण गावाकडे परतले. संप अधिकृतपणे कधी मागे घेतलाच गेला नाही, आणि हजारो लोक पुन्हा कामावर गेले नाहीत. त्यांच्या गोष्टीआधी हा उत्साही ठेका लावला, तर मी एक वाक्यही न बोलता खोटं बोललो असतो.

म्हणून ट्रॅक ठेवलाय, पण फक्त त्या वर्षीच्या सिनेमाबद्दल बोलतो तिथे. संपाच्या भागात नाही.

मित्राला हे पटलेलं नाही. तो म्हणतो, संगीत नसेल तर पोरं दहा सेकंदांत पुढे सरकतात. कदाचित सरकतीलही. तुम्ही अजून इथेच असाल, तर चला, लालबागला जाऊ.