माप तेच, दारू वेगळी

१८५७ चा पाठ शिकवताना काडतुसापाशी मी नेहमी जरा रेंगाळतो. एनफिल्ड बंदुकीचे ते काडतूस म्हणजे कागदाची पुडी. आत दारू व गोळी, वरून चरबी. शिपायाने ती दातांनी फोडायची, दारू नळीत ओतायची, गोळी ठासायची. एकदा एका मुलाने विचारले, "सर, पितळी काडतूस उडवल्यावर टाकूनच देतात का?" उत्तर शोधता शोधता मी अमेरिकेत पोहोचलो; अर्थात पुस्तकांतून!

तिथे १८६० साली हेन्री रायफल आली. चापाभोवतीची तरफ खाली-वर केली की रिकामे काडतूस बाहेर पडे, भरलेले आत जाई. परंतु ठिणगीचा मसाला काडतुसाच्या बुडाच्या कडेत असे; एकदा चेपला की काडतूस निकामी. विंचेस्टरच्या १८७३ च्या रायफलीत मसाल्याची कॅप बुडाच्या मध्यभागी आली, ती काढून नवी बसवता येई. आत ४० ग्रेन काळी दारू (आपल्या सोनाराच्या सुमारे २१ गुंजा), पुढे २०० ग्रेनची शिशाची गोळी. दुकानापासून कोसन् कोस दूर राहणाऱ्याला ही मोठीच सोय. पुन्हा भरण्याची हत्यारे कंपनी स्वतःच विकू लागली.

या रायफलींत काडतुसे नळीखालच्या दुसऱ्या नळीत एकामागे एक बसतात. मागच्या गोळीचे नाक पुढच्याच्या कॅपवर टेकते. गोळी टोकदार असेल तर हिसक्यासरशी आतल्या आत बार उडायचा! म्हणून नाक चपटे ठेवण्याची रीत पडली. (पुढे १८९५ च्या विंचेस्टरला पेटीसारखे मॅगझिन आले आणि त्या बंदुकीपुरती ही अडचण मिटली.)

काळ्या दारूचा एक गुण मात्र मानावा लागेल. काडतूस भरेल तेवढे माप, जास्त मावतच नसे. १८८४ साली फ्रान्समध्ये पॉल व्हिएय याने बिनधुराची दारू सिद्ध केली. विंचेस्टरच्या १८९४ च्या रायफलीसाठी 'थर्टी-थर्टी' हे बिनधुराचे काडतूस १८९५ मध्ये आले. वजनास वजन धरले तर नव्या दारूची ताकद सुमारे तिप्पट. हाताला सवय जुन्या मापट्याची; ते नव्या दारूने काठोकाठ भरले की बंदूक फुटलीच, आणि ती असते भरणाऱ्याच्याच गालाशी.

दुसरा धोका अधिक लबाड. नवी दारू थोडीच लागते, त्यामुळे काही काडतुसांत चुकून दुप्पट पडली तरी मावते. शिवाय दाबून भरलेली काळी दारू गोळीला खालून टेकू देई; आता आत पोकळी. मॅगझिनची स्प्रिंग व बाराचा हिसका गोळीला आत रेटतात, जागा आकसते, दाब चढतो. म्हणून काडतुसाचे तोंड गोळीवर आवळून मुडपतात. दारू काट्यावर तोलतात, छापील कोष्टकातल्या कमी मापापासून सुरुवात करतात, मेजावर एका वेळी एकच दारूचा डबा ठेवतात आणि गोळी बसवण्यापूर्वी प्रत्येक काडतुसात उजेड धरून डोकावतात.

"टाकून देत नाहीत," मी मुलाला सांगितले. त्यावर त्याचा पुढचा प्रश्न तयारच होता, "मग आपण घरी भरायचे का?" तेव्हा मला १९५९ चा शस्त्र कायदा काढावा लागला. आपल्याकडे परवान्याशिवाय दारूगोळा बनवता येत नाही.