गोल्डबर्गरची गोळी

हल्ली ऑफिसच्या पँट्रीत कॉफीत कोलॅजेनची पावडर ढवळणारे हमखास भेटतात. "पोटात घेतलं की त्वचा खरंच सुधारते का रे?" यावर वाद सुरू होतो आणि मीटिंगची वेळ होते. मला मात्र दरवेळी डॉ. जोसेफ गोल्डबर्गर आठवतो.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेच्या दक्षिण भागात पेलाग्राने धुमाकूळ घातला होता. आधी हातामानेवर चट्टे, मग जुलाब, मग भ्रम, शेवटी मृत्यू. बहुतेक डॉक्टर म्हणायचे, हा संसर्ग आहे. १९१४ साली सरकारने गोल्डबर्गरला तपासाला पाठवलं. त्याला दिसलं, की अनाथाश्रमातली मुलं आजारी पडतात, कर्मचारी नाहीत. जंतू असा भेदभाव कसा करेल? फरक होता तो ताटात.

१९१५ मध्ये मिसिसिपीतल्या रँकिन तुरुंग-शेतावर ११ कैद्यांना त्याने मका, भात, काकवी अशा जेवणावर ठेवलं. दूध, अंडी, मांस बंद. बदल्यात शिक्षा माफ. (आज असं करू देणार नाहीत, आणि ते बरंच आहे.) काही महिन्यांत ६ जणांना चट्टे आले. नेहमीचं जेवणाऱ्या बाकी कैद्यांपैकी एकालाही नाही. आपल्या भाषेत, एकच व्हेरिएबल बदलला!

तरी विरोधक ऐकेनात. मग १९१६ मध्ये या पठ्ठ्याने रोग्यांच्या कातडीचे पापुद्रे पिठात मळून गोळ्या केल्या आणि चक्क गिळल्या. बायकोने रोग्याचं रक्त टोचून घेतलं. कोणालाही पेलाग्रा झाला नाही.

१९२९ मध्ये तो गेला. कमी पडणारा पदार्थ नायासिन आहे, हे १९३७ मध्ये एल्व्हेजेमच्या कामातून कळलं. आपल्या दख्खनमध्येही ज्वारीवरच जगणाऱ्या गरिबांत हा रोग दिसायचा. हैदराबादला डॉ. गोपालन यांनी त्यावर काम केलं.

गंमत पुढे आहे. २०१५ मध्ये ऑस्ट्रेलियात, आधी त्वचेचा कर्करोग होऊन गेलेल्या ३८६ जणांवर प्रयोग झाला. नायासिनचाच भाऊ निकोटिनामाइड, ५०० मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा. वर्षभरात नवे कर्करोग २३ टक्क्यांनी कमी. गोळी थांबली, फायदाही थांबला. २०२३ मध्ये अवयव-प्रत्यारोपण झालेल्यांवर तीच गोळी वापरली, तर फायदा दिसला नाही.

आणि कोलॅजेन? कंपन्यांच्या पैशाशिवाय झालेल्या प्रयोगांत फायदा दिसत नाही, असं २०२५ च्या एका आढाव्यात निघालं.

थोडक्यात काय, डबा विकत घेण्याआधी दोनच प्रश्न विचारायचे. तुलना कोणाशी केली? आणि माझ्या ताटात नेमकं कमी काय आहे? असो, कॉफी गार होतेय.