हवाई रायफली, जुन्या लक्ष्यवेधी

दहा मीटरांवरील लक्ष्यवेधाच्या स्पर्धांसाठी पश्चिम जर्मनीत 1960 नंतर निर्माण झालेल्या, 4.5 मिलिमीटर व्यासाचा शिशाचा छर्रा सोडणाऱ्या स्प्रिंगच्या रायफली संग्राहकांना आज विशेष मोलाच्या वाटतात. आणि त्यांची पारख करताना नाममुद्रेपेक्षा स्प्रिंगचा धक्का निवारण्याची युक्ती आधी पाहणे श्रेयस्कर. रास्टाटच्या ‘डायाना’ कारखान्याने गिस पद्धतीनुसार दोन दट्ट्ये परस्परविरुद्ध दिशांना धाववून तो धक्का जागच्या जागी जिरवला. ओबर्नडॉर्फच्या ‘फाइनवेर्कबाऊ’ने मात्र 150 व 300 या नमुन्यांत नळीसह सारी यंत्रणाच दस्त्यावरील रुळांवरून किंचित मागे सरकू दिली, आणि खांद्यापर्यंत धक्का जवळजवळ पोचेनासा केला. ही रचना त्या काळच्या यंत्रकौशल्याचा परमोत्कर्षच होय.

पंचकोनात कोरलेले ‘एफ’ अक्षर हा, रायफल 1970 पूर्वीची नसल्याचा सहसा भरवशाचा दाखला. जुन्या डायानांतील कृत्रिम द्रव्याची सील कालांतराने ठिसूळ होते व तिचा चुरा नळीतून बाहेर पडू लागतो, तर 300 मधील दट्ट्याचे पोलादी कडे दशकानुदशके टिकते. सबब खरेदीपूर्वी नळी अवश्य तपासावी, परंतु छर्ऱ्यावाचून घोडा कदापि ओढू नये. मूळचे डायॉप्टर, म्हणजे नेम धरण्याची बारीक छिद्राची मागील दर्शिका, गहाळ असल्यास किंमत बरीच उतरते. अक्रोडी दस्त्यावर नव्याने रोगण चढवणे हा तर अस्सल वस्तूवर अन्यायच.