सीडींची मांडणी : फळी हलती, संग्रह सुरक्षित

सोनी आणि फिलिप्स या कंपन्यांनी विकसित केलेली कॉम्पॅक्ट डिस्क १९८२ च्या ऑक्टोबरमध्ये जपानच्या बाजारात प्रथम आली. पुढच्या दोन दशकांत ती मराठी मध्यमवर्गीय घरांतही रुळली. अभंग, नाट्यपदे, गीतरामायणाचा संच, पु. ल. देशपांडे यांचे कथाकथन, त्यानंतर व्हीसीडी-डीव्हीडीवरील चित्रपट व नाटके आणि जोडीला लग्न-मुंजीच्या चित्रीकरणाच्या, संगणकावर घरीच तयार केलेल्या तबकड्या, असा संग्रह पाहता पाहता दोन-तीनशेवर गेला.

आज गाणी मोबाइलवर ऐकली जातात आणि नव्या लॅपटॉपमध्ये सीडी घालण्याची सोयही बहुधा नसते. म्हणून हा संग्रह टाकाऊ ठरत नाही. बाजारातून गेलेली कित्येक ध्वनिमुद्रणे इंटरनेटवर सापडत नाहीत. आजोबांच्या आवाजातील कीर्तन किंवा घरच्या बारशाचे चित्रीकरण तर दुसरीकडे कोठेच नसते. प्रत्यक्षात मात्र या तबकड्या माळ्यावरच्या खोक्यात किंवा टीव्हीखालच्या खणात एकावर एक रचून ठेवलेल्या आढळतात. त्यांच्यासाठी एक साधी, मापाने केलेली मांडणी हवी आणि तिच्या फळ्या वर-खाली करता यायला हव्यात. ती कशी आखावी, याची ही माहिती.

ठरावीक खाचांचा तोटा

सीडींसाठी पूर्वी प्लॅस्टिकचे किंवा तारेचे उभे मनोरे मिळत असत. त्यात एका डबीला एक खाच असे. दिसायला ते नीटनेटके, पण दोन अडचणी लवकरच जाणवत. पहिली म्हणजे सगळ्या डब्या सारख्या जाडीच्या नसतात. नेहमीची डबी सुमारे १० मि.मी. जाड, सडपातळ डबी ५ मि.मी.च्या आसपास, तर दोन तबकड्यांची जुन्या पद्धतीची डबी २४ मि.मी.पर्यंत. पुठ्ठ्याच्या वेष्टनातील संच तर कोणत्याच खाचेत बसत नाही. दुसरी अडचण क्रमाची. विषयवार किंवा नावानुसार लावलेल्या संग्रहात मध्येच एक नवी सीडी घालायची झाली, की तिच्यापुढची प्रत्येक डबी एकेक खाच पुढे सरकवावी लागते. मोकळ्या फळीवर पुस्तकांसारख्या उभ्या ठेवलेल्या डब्यांना या दोन्ही अडचणी येत नाहीत.

खोली एकच, उंची वेगळी

मांडणीचा आराखडा मापांवरून ठरतो. सीडीची डबी कणा समोर करून उभी ठेवली, तर तिची उंची १२५ मि.मी. आणि खोली १४२ मि.मी. भरते. डीव्हीडीची डबी १९० मि.मी. उंच व १३५ मि.मी. खोल असते, जाडी १४ ते १५ मि.मी. ब्लू-रेची डबी सुमारे १७१ मि.मी. उंच असते आणि तिची खोली डीव्हीडीएवढीच.

या आकड्यांत सोयीची एक गोष्ट दडलेली आहे. तिन्ही प्रकारांची खोली जवळजवळ सारखी आहे, फरक आहे तो उंचीत. म्हणजे १५० मि.मी. रुंदीची फळी सर्वांना पुरते. बदलावे लागते ते फक्त दोन फळ्यांमधले अंतर. घरात सीडी किती आणि डीव्हीडी किती, हे प्रमाण कालांतराने बदलते. म्हणूनच फळ्या खिळ्यांनी कायमच्या ठोकून न टाकता खुंट्यांवर टेकवणे शहाणपणाचे.

ग्रामोफोनच्या मोठ्या तबकड्या मात्र या मांडणीत घालण्याचा मोह टाळावा. त्यांची वेष्टने ३०० मि.मी.हून मोठी असतात. त्यांच्यासाठी खोली दुप्पट केली, तर सीडींच्या मागे धूळ साचणारी पोकळी तेवढी उरते.

बत्तीस मि.मी.चे गणित

कारखान्यात तयार होणाऱ्या कपाटांच्या बाजूंना आतून ५ मि.मी. व्यासाच्या छिद्रांची उभी रांग दिसते. त्या छिद्रांमधले अंतर ३२ मि.मी. असते. ही युरोपातील फर्निचर उद्योगातून आलेली पद्धत आपल्याकडेही रूढ झाली आहे आणि तिच्या मापाच्या शेल्फ पिना हार्डवेअरच्या दुकानात सहज मिळतात. या पिना म्हणजेच आपल्या फळ्यांच्या खुंट्या.

आपल्या कामाला हे अंतर चपखल बसते. फळी १२ मि.मी. जाडीची घेतली आणि दोन फळ्यांत पाच छिद्रांचे, म्हणजे १६० मि.मी. अंतर ठेवले, तर मध्ये मोकळी जागा १४८ मि.मी. राहते. सीडीची डबी १२५ मि.मी.ची, म्हणजे बोटे घालून ती बाहेर काढण्यास वर २३ मि.मी. उरतात. डीव्हीडीसाठी सात छिद्रांचे, म्हणजे २२४ मि.मी. अंतर ठेवावे, मोकळी जागा २१२ आणि वर २२ मि.मी. ब्लू-रेला सहा छिद्रे पुरतात, पण वर ९ मि.मी.च उरत असल्याने डबी कण्याला धरून ओढावी लागते. सूत्र लक्षात ठेवायला सोपे आहे : सीडीला पाच, डीव्हीडीला सात.

फळी किती लांब असावी?

सीडी भरलेली एक डबी साधारण १०० ग्रॅमची असते. एकटी ती हलकी, पण पन्नास डब्यांचे ओझे पाच किलोच्या घरात जाते आणि ते फळीवर वर्षानुवर्षे राहते. दोन टोकांना टेकलेली फळी मधोमध वाकते. तिची लांबी दुप्पट केली, तर त्याच प्रकारे भरलेल्या फळीचा वाक सोळापट होतो. जाडी निम्मी केली, तर आठपट. त्यामुळे भिंतभर लांब एकच फळी हा विचार सोडून द्यावा. १२ मि.मी.च्या प्लायवूडला ६०० मि.मी.ची मर्यादा घालावी. त्याहून लांबी हवीच असेल, तर मध्ये उभी फळी द्यावी.

आपल्या आराखड्यात आतली रुंदी ५६० मि.मी. धरू. तीत नेहमीच्या ५० सीडी बसतात आणि थोडी सैल जागाही राहते. डीव्हीडी एका फळीवर ३५ मावतात.

एक नमुना आराखडा

समजा, घरात २४० सीडी आणि ७० डीव्हीडी आहेत. सीडींना पाच खण लागतात, डीव्हीडींना दोन. पुढील भर ध्यानात घेऊन सीडींचा एक खण जादा ठेवावा. सीडींचे सहा खण म्हणजे ९६० मि.मी., डीव्हीडींचे दोन म्हणजे ४४८ मि.मी.; एकूण १,४०८. त्यात तळाची आणि माथ्याची जाड फळी व जमिनीपासून ८० मि.मी. उंचीचे पाय धरले, की मांडणीची उंची सुमारे दीड मीटर, म्हणजे पाच फूट होते. फरशी पुसताना पाणी तळफळीला लागू नये आणि वाळवीचा माग लवकर दिसावा, यासाठी पाय आवश्यक आहेत.

सुताराला द्यायची मापे अशी : दोन उभ्या बाजू १८ मि.मी. जाड, १६० मि.मी. रुंद, तळाची व माथ्याची फळी तेवढ्याच जाडीची आणि स्क्रूने पक्की, १२ मि.मी.च्या सात हलत्या फळ्या, प्रत्येकी ५५८ मि.मी. लांब व १५० मि.मी. रुंद, पाठीला ६ मि.मी.चे प्लायवूड. फळी दोन मि.मी. आखूड ठेवली नाही, तर पावसाळ्यात ती फुगून अडकते. पाठीची फळी केवळ शोभेची नसते. ती चारही कडांना स्क्रूने बसवली, की चौकट तिरकी होत नाही आणि उभ्या बाजू बाहेर फाकत नाहीत.

प्लायवूड घेताना समुद्रकाठच्या व दमट शहरांत उकळत्या पाण्याला टिकणाऱ्या, म्हणजे बीडब्ल्यूआर प्रतीचे घ्यावे. फळ्या कापताना वरच्या थराचे रेषे फळीच्या लांबीच्या दिशेने येतील, असे सुताराला बजावावे. रेषे आडवे आले, तर तीच फळी लवकर वाकते.

छिद्रांसाठी आधी साचा

या कामात सर्वांत जास्त चूक होते ती छिद्रे पाडताना. दोन बाजूंवर प्रत्येकी दोन रांगा, म्हणजे एकूण दीडशेच्या आसपास छिद्रे होतात. त्यांतील एक जरी दोन मि.मी. वर-खाली झाले, तरी फळी डुगडुगते. प्रत्येक छिद्र पट्टीने मोजून पाडू नये. प्लायवूडच्या एका पट्टीवर ३२ मि.मी. अंतराने काळजीपूर्वक छिद्रे पाडून तिचा साचा करावा आणि चारही रांगा त्याच साच्याने पाडाव्यात. साच्याच्या खालच्या टोकावर खूण करावी आणि प्रत्येक वेळी तेच टोक तळाकडे ठेवावे. साच्यात बारीक चूक राहिली, तरी ती चारही रांगांत सारखीच येते आणि फळी समपातळीत बसते.

पहिले छिद्र तळफळीच्या वर ८१ मि.मी.वर घ्यावे. म्हणजे तिसऱ्या छिद्रातील खुंटीवर टेकलेल्या फळीखाली सीडीला हवी तेवढी जागा मिळते. रांगा पुढच्या व मागच्या कडेपासून सुमारे ३० मि.मी. आत असाव्यात. छिद्राची खोली १० मि.मी. पुरे; ड्रिलच्या पात्याला त्या मापावर चिकटपट्टी गुंडाळली, की पाते आरपार जात नाही.

फळी अर्धवट भरलेली असेल, तर डब्या कलतात आणि त्यांच्या बिजागऱ्या तुटतात. पुस्तकांना लावतात तसे पत्र्याचे आधार प्रत्येक खणात एक ठेवावेत. ते सरकवता येत असल्याने विषयांची विभागणीही होते.

जागा कोणती निवडावी?

पाच फूट उंच आणि जेमतेम सोळा सेंटिमीटर खोल अशी भरलेली मांडणी सहज पुढे कलंडू शकते. तिचे ओझे चाळीस किलोंच्या घरात असते आणि लहान मुले फळ्यांवर पाय देऊन चढतात. म्हणून माथ्याजवळ दोन कोनपट्ट्या लावून ती भिंतीला प्लग व स्क्रूने पक्की करावी. या बाबतीत हयगय नको.

भिंतीची निवडही विचारपूर्वक करावी. पावसाळ्यात ओल येणारी बाहेरची भिंत आणि न्हाणीघराला लागून असलेली भिंत वर्ज्य समजावी. इतरत्रही मांडणी व भिंत यांच्यात लाकडी पट्ट्या घालून वीसेक मि.मी. हवा खेळती ठेवावी. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानके व तंत्रज्ञान संस्थेने २००३ मध्ये ग्रंथपालांसाठी काढलेल्या मार्गदर्शिकेत तबकड्या उभ्या ठेवाव्यात, तापमान ४ ते २० अंश सेल्सिअस आणि हवेतील आर्द्रता २० ते ५० टक्के असावी, असे सुचवले आहे. पावसाळ्यात मुंबईची आर्द्रता अनेकदा ८० टक्क्यांच्या वर जाते. घरात ग्रंथालयाचे हवामान आणता येणार नाही. पण ऊन, ओल आणि उष्णता यांच्यापासून संग्रह दूर ठेवणे प्रत्येकाच्या हाती आहे.

उन्हाचा सर्वाधिक धोका घरी तयार केलेल्या तबकड्यांना असतो. विकतच्या सीडीत माहिती साच्याने ठसवलेली असते, तर घरगुती सीडीत ती रंगद्रव्याच्या थरात लेसरने उमटवलेली असते आणि प्रकाश व उष्णता यांनी ते रंगद्रव्य खराब होते. डांबरगोळ्याही मांडणीत ठेवू नयेत. त्यांच्या वाफेने डब्यांचे प्लॅस्टिक बिघडते. नवे पॉलिश आणि सरस यांचा वास पूर्ण गेल्यावरच तबकड्या फळ्यांवर लावाव्यात.

लावताना आणि लावल्यावर

तबकड्या लावताना आधी प्रकार, मग विषय, मग कलाकार असा क्रम ठेवावा आणि एका वहीत खणानुसार यादी करावी. क्रमांकाची चिठ्ठी डबीवर चिकटवावी, तबकडीवर नव्हे. सीडीचा माहिती असलेला थर छापील बाजूच्या अगदी लगत असतो. त्यामुळे चकचकीत बाजूवरच्या ओरखड्यापेक्षा छापील बाजूवर बॉलपेनने दाबून लिहिलेले नाव अधिक घातक ठरू शकते.

घरच्या ध्वनिमुद्रणांसाठी आणि चित्रीकरणांसाठी डोळ्यांसमोरचा एक खण राखून ठेवावा. मांडणी लावून झाली, की सर्वप्रथम त्या खणातील प्रत्येक तबकडी चालते का, हे पाहावे. लॅपटॉपला बाहेरून जोडण्याचा सीडी ड्राइव्ह मिळतो. त्याच्या साहाय्याने या तबकड्यांची प्रत हार्ड डिस्कवर घ्यावी, दुसरी प्रत वेगळ्या जागी ठेवावी आणि यादीत तशी खूण करावी. विकतची सीडी खराब झाली, तर तिची जुनी प्रत कोठे तरी मिळण्याची आशा असते. घरच्या सीडीची तशी सोय नाही. चांगली मांडणी तबकडीचे आयुष्य वाढवते, पण तिच्यातील आवाज टिकवायचा तर प्रत घेण्याला पर्याय नाही. ती तबकडी चालू असतानाच घ्यावी लागते.