कोलन वॉटरचा खटला

पिंपरी-चिंचवडमधल्या दुकानात किंवा चाकणच्या बाजारपेठेत रोजच्या वापरासाठी लिंबू-संत्र्याच्या ताज्या वासाचा परफ्यूम मागितला, की विक्रेता फवारणीची बाटली पुढे करतो. तिच्यातील बहुतांश द्रव मद्यार्क असतो. हा परिसर मुंबई प्रांतात मोडत असताना आलेल्या १९४९ च्या दारूबंदी कायद्याच्या व्याख्येत असे द्रव्य चक्क ‘दारू’ ठरत होते.

मुळात या वासाला मद्यार्क का लागतो? लिंबूवर्गीय फळांच्या सालीतील तेल अतिशय हलके असते; ते पाण्यात विरघळत नाही आणि चंदनतेलाच्या जड अत्तरात दबून जाते. तीव्र मद्यार्कात मात्र ते मोकळे होते आणि त्वचेवरून चटकन उडते. तो गारवा, तो टवटवीतपणा या उडून जाण्यातच आहे. इटलीतून जर्मनीतील कोलोन शहरी आलेल्या योहान मारिया फरिना याच्या घराण्याने १७०९ पासून हाच व्यवसाय केला आणि त्या सुगंधी पाण्याला शहराचे नाव मिळाले.

मराठी घरांत ते ‘कोलन वॉटर’ म्हणून आले, तेही सुगंधापेक्षा औषध म्हणून अधिक. ताप चढला की कपाळावर त्याची पट्टी ठेवली जाई.

मुंबईच्या कायद्याने मद्यार्क असलेला प्रत्येक द्रव दारूच्या व्याख्येत बसवला. अत्तरविक्रेत्याला त्याची झळ नव्हती. कोलन वॉटर मात्र व्हिस्कीच्या पंगतीत जाऊन बसले. फ्राम नसरवानजी बलसारा यांनी मुंबई उच्च न्यायालयात याचिका केली. त्यांच्या मागणीत व्हिस्की, ब्रँडी, बिअर होती आणि ओ-द-कोलोनही होते. (पहिल्या तीन वस्तूंमुळे या खटल्याची चर्चा अधिक झाली, हे सांगायला नकोच.)

२५ मे १९५१ रोजी सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला. न्यायमूर्ती फझल अली यांनी लिहिलेल्या या निकालाने दारूबंदी उचलून धरली, व्हिस्की हरली. परंतु मद्यार्कयुक्त औषधे व प्रसाधने बाळगण्यास, विकण्यास आणि वापरण्यास केलेली मनाई घटनाबाह्य ठरली. आधार होता अनुच्छेद १९(१)(फ), म्हणजे मालमत्ता संपादन करण्याचा व धारण करण्याचा मूलभूत हक्क. कोलनची बाटली हीसुद्धा नागरिकाची मालमत्ताच! संपूर्ण कायदा रद्द न करता त्यातील सदोष भाग तेवढा वेगळा काढण्याच्या तत्त्वासाठी विधीचे विद्यार्थी हा निकाल आजही वाचतात. ज्या हक्काने कोलन सुटले तो हक्क मात्र १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने मूलभूत हक्कांच्या यादीतून गेला.

पुढे १९५२ च्या दुरुस्तीने कायद्यात कलम २४-अ आले आणि पिण्यास अयोग्य अशा प्रसाधनांना स्पष्ट सूट मिळाली. तोच कायदा आज महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम या नावाने चालू आहे.

त्यामुळे आजच्या ग्राहकापुढे प्रश्न उरतो तो फक्त निवडीचा. ‘कोलोन’मध्ये सुगंधी तेल साधारण २ ते ५ टक्के, ‘ओ द तॉयलेत’मध्ये ५ ते १५ टक्के. कारखान्याच्या आठ तासांच्या पाळीला पहिले अपुरेच पडते. फवारल्याबरोबर येणाऱ्या वासावर भुलून पैसे मोजू नयेत. अर्ध्या तासाने मनगटावर जे उरते तेच दिवसभर सोबत राहते. दुचाकीवरून उन्हात जाणाऱ्याने ते उघड्या मानेवर न मारता कपड्यांवर मारावे, कारण बर्गामोटच्या तेलातील काही घटकांमुळे उन्हात त्वचेवर काळसर डाग पडू शकतात.