फुरशांचें बक्षीस आणि सर्पमित्राची पिशवी



पावसाळ्याचे दिवस, तिन्हीसांजेची वेळ. मोरीच्या कोपऱ्यांत कांहीं तरी सळसळतें आणि घरांतून हांक उठते, "साप! साप!" त्या क्षणीं घरच्या कर्त्या माणसाचा हात कोठें जातो, या एका प्रश्नांत आपल्या प्रांताचा दीडशें वर्षांचा इतिहास सांठलेला आहे. पूर्वीं तो हात काठीकडेच जात असे. आज पुष्कळ घरीं तो दूरध्वनीकडे जातो. हा पालट कसा घडला, तें आज थोडक्यांत सांगण्याचा माझा विचार आहे.

प्रथम रत्नागिरी जिल्ह्याकडे वळूं. तेथील जांभ्या दगडाच्या कातळावर आणि गडग्यांच्या सांपटींत फुरसें राहतें. लांबीनें तें हात-दीड हातच असतें, परंतु त्याचें विष जीवघेणें आहे. इंग्रज सरकारनें एकोणिसाव्या शतकांत त्याच्या नाशासाठीं बक्षीस लाविलें. १८६२ सालच्या डिसेंबरांत अवघ्या आठवडाभरांत १ लाख १५ हजारांहून अधिक फुरशीं मारण्यांत आलीं. सहा वर्षांची सरासरी काढली, तर दरसाल सव्वादोन लाखांवर फुरशीं मेल्याची नोंद आहे.

एवढा संहार होऊन फुरसें नाहींसें झालें काय? मुळींच नाहीं. तें आजही त्याच कातळावर आहे. याचें कारण उघड आहे. बक्षिसानें साप मारला गेला. परंतु त्याच्या लपण्याच्या जागा आणि त्याचें भक्ष्य हीं होतीं तशींच राहिलीं. एक साप मेला कीं त्याच्या रिकाम्या जागीं दुसरा येतो. सरकारी तिजोरींतून पैसा गेला, पण भय गेलें नाहीं.

भय कमी होण्यास ज्ञान लागतें, आणि तें ज्ञान मुंबईंत हळूहळू जमा होत होतें. १८८३ सालीं तेथें निसर्ग-इतिहासाच्या अभ्यासासाठीं जी संस्था स्थापन झाली, तिच्या सभासदांनीं साप गोळा करून त्यांच्या जाती निश्चित केल्या. परळ येथें गव्हर्नराच्या जुन्या निवासस्थानीं १८९९ सालीं प्लेगच्या संशोधनासाठीं जी प्रयोगशाळा आली, तीच पुढें हाफकिन संस्था झाली आणि तेथें सर्पविषावरील लस घोड्यांच्या रक्तापासून तयार होऊं लागली. देशांत सापांच्या तीनशेंहून अधिक जाती आहेत. तथापि मनुष्याचे बहुतेक बळी नाग, मण्यार, घोणस आणि फुरसें या चौघांमुळेंच जातात, हें अभ्यासान्तीं सिद्ध झालें. बाकीचे बहुतेक साप आपले उपद्रवी नसून उपकारकर्ते आहेत.

या बाबतींत मीही निर्दोष नाहीं. मी दहा-अकरा वर्षांचा असतांना आमच्या परसांत एक लांब धामण निघाली. चारचौघांनीं ती मारली, आणि पहिला धोंडा माझा होता. तिच्या तोंडांतून अर्धवट गिळलेला उंदीर बाहेर पडला. वडील इतकेंच म्हणाले, "हा उंदीर आपल्या कणगीचा होता." पुढें पस्तीस वर्षें मुलांना शिकवितांना तें वाक्य मला पुष्कळदां आठवलें.

१९७२ सालीं वन्यजीव संरक्षणाचा कायदा झाला. १९७६ सालीं सापांच्या कातड्यांची निर्यात बंद झाली. पुढें नाग, घोणस व धामण यांनाही कायद्याचें संरक्षण मिळालें. परंतु कायद्यानें लोकांची भीति जात नाहीं. तें काम महाराष्ट्रांत कांहीं धाडसी तरुणांनीं केलें. १९८० सालीं पुण्याचे श्री. नीलिमकुमार खैरे हे विषारी सापांनीं भरलेल्या कांचेच्या खोलींत ७२ तास राहिले. सापाला डिवचल्याविना तो चावत नाहीं, हें त्यांना लोकांस दाखवावयाचें होतें. १९८६ सालीं कात्रज येथें सर्पोद्यान उभें राहिलें. 'सर्पमित्र' हा शब्द घरोघर रूढ झाला आणि गांवोगांवचे तरुण आंकडी व पिशवी घेऊन हांकेसरशी धांवूं लागले.

या कार्याचा गौरव करतांना त्यांतील दोषही सांगितले पाहिजेत. पकडलेला नाग गळ्यांत घालून छायाचित्र काढून घेण्याच्या हौसेपायीं कित्येक तरुणांनीं प्राण गमावले आहेत. दुसरा दोष दयाबुद्धींतूनच उद्भवतो. साप दूरच्या रानांत सोडला म्हणजे त्याचें कल्याण झालें, अशी आपली समजूत असते. कर्नाटकांतील आगुंबे येथें नागराजांच्या अंगांत लहानसें रेडिओयंत्र बसवून त्यांचा माग काढण्यांत आला, तेव्हां दूर नेऊन सोडलेला साप स्थिर न होतां भटकत राहतो, असें आढळलें. यास्तव सापडल्या जागेच्या जवळच सुरक्षित ठिकाणीं त्याला सोडणें, हीच खरी दया होय.

सर्पदंशाची गोष्ट मात्र हलकी समजूं नये. २००० ते २०१९ या काळांत देशांत दरसाल सरासरी ५८ हजार माणसें सर्पदंशानें दगावलीं, असा संशोधकांचा अंदाज आहे. म्हणून साप दिसल्यास त्यावर दुरून नजर ठेवावी, मुलांना दूर न्यावें आणि वनखात्यास अथवा जाणत्या सर्पमित्रास बोलवावें. दंश झाल्यास जखम कापूं नये, विष चोखूं नये, मांत्रिकाकडे वेळ दवडूं नये. रोग्यास धीर देऊन, दंशाचा अवयव न हालवितां, थेट रुग्णालय गांठावें.

गेल्या पावसाळ्यांत आमच्या न्हाणीघरांत नाग निघाला. सर्पमित्र आला, त्यानें न बोलतां नाग पिशवींत घेतला आणि ओढ्यापलीकडे सोडून दिला. नातू म्हणाला, "आजोबा, आतां पुन्हां नाहीं ना येणार?" मी म्हटलें, "बाळ, साप गेला. सापाची जागा अजून आहे." दुसऱ्या दिवशीं सकाळीं आम्ही दोघांनीं भिंतीलगतचा लांकडांचा ढीग हलविला, मोरीच्या तोंडाला जाळी बसविली आणि उंदरांचीं बिळें बुजविलीं. दीडशें वर्षांपूर्वीं बक्षिसावर खर्च झालेल्या पैशांनीं जें साधलें नाहीं, त्यासाठीं आम्हांला एक सकाळ पुरली.