ब्लूज् गिटारवादनातील जॅझ-हार्मनीचे आदान : एक ऐतिहासिक विचार

ब्लूज् आणि जॅझ या दोन संगीतप्रकारांचा संबंध सांगताना सामान्यतः एक ठरावीक क्रम गृहीत धरला जातो. प्रथम अमेरिकेच्या दक्षिण भागातील कृष्णवर्णीय शेतमजुरांचे साधे, तीन कॉर्डांवर उभे असलेले ब्लूज् गीत. पुढे नगरांमध्ये वाढलेले, व्यामिश्र हार्मनीचे जॅझ. आणि त्यानंतर केव्हातरी जॅझच्या संस्काराने 'सुधारलेले' ब्लूज्-वादन, असा हा क्रम होय. एखादी बोली प्रमाणभाषेच्या सहवासाने सुसंस्कृत झाली, या जुन्या भाषाविषयक समजुतीचेच हे सांगीतिक रूप आहे. बोलींविषयीची ही समजूत भाषाशास्त्राने केव्हाच टाकून दिली. गिटारच्या इतिहासातही ती कितपत टिकते, हे तपासून पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

आरंभी ब्लूज्ची रचना पाहिली पाहिजे. चार मात्रांचे एक माप, अशा बारा मापांचे एक आवर्तन हा तिचा सर्वांत रूढ साचा होय. गीताची पहिली ओळ गायली जाते, तीच पुन्हा येते आणि तिसऱ्या ओळीत तिचे उत्तर मिळते. प्रत्येक ओळीच्या वाट्याला चार मापे येतात. परंतु गायकाचे शब्द साधारणपणे पहिल्या अडीच मापांतच संपतात. उरलेल्या जागेत वाद्य उत्तर देते. ब्लूज्मधील उपज या मोकळ्या जागेत जन्मली. ती बाहेरून आणून बसवावी लागली नाही.

या आवर्तनाला आधार देणाऱ्या कॉर्ड तीन : षड्जाची, मध्यमाची आणि पंचमाची. षड्जाच्या कॉर्डमध्ये सा, ग, प या स्वरांबरोबर कोमल निषादही असतो. युरोपीय हार्मनीच्या नियमाने शुद्ध गंधार आणि कोमल निषाद यांची जोडी अस्थिर मानली जाते; ती ऐकताच दुसऱ्या कॉर्डवर जाऊन विसावण्याची अपेक्षा उत्पन्न होते. ब्लूज्मध्ये मात्र हीच अस्थिर जोडी विसाव्याचे स्थान ठरते. गिटारच्या पट्टीवर या व्यवस्थेचे एक मोठे सोयीचे रूप दिसते. गंधार व कोमल निषाद यांवर ठेवलेली दोन बोटे तशीच एक पडदा खाली सरकवली, की कोमल गंधार व शुद्ध धैवत मिळतात आणि मध्यमाची कॉर्ड सूचित होते. तीच बोटे मूळ जागेहून एक पडदा वर नेली, की मध्यम व शुद्ध निषाद मिळून पंचमाची कॉर्ड उभी राहते. म्हणजे बारा मापांची सारी हार्मनी दोन बोटांच्या एका आकृतीत सामावलेली आहे. या रचनेला साधी म्हणता येईल. पण तिला व्याकरण नाही असे म्हणता येणार नाही.

या व्याकरणाचा दुसरा विशेष म्हणजे त्यातील गंधार. गायकाच्या गळ्यात तो कोमल आणि शुद्ध यांच्या दरम्यान कोठेतरी राहतो आणि क्वचितच एका जागी थांबतो. हा स्वर पियानोवर नाही. गिटारवर तार बोटाने खेचून तो काढता येतो. आपल्याकडील सतारीच्या मींडेची आठवण व्हावी, अशीच ही क्रिया आहे. जॅझ-हार्मनीशी संपर्क आल्यावर या अस्थिर गंधाराचे काय झाले, हा या विषयातील मध्यवर्ती प्रश्न होय.

उरिएल वाइनराइख याने १९५३ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात असे प्रतिपादन केले, की भाषांचा संपर्क खऱ्या अर्थाने त्या भाषा बोलणाऱ्या व्यक्तीच्या ठायी घडतो. या दृष्टीने पाहिले असता लॉनी जॉन्सन या वादकाचे महत्त्व ध्यानात येते. न्यू ऑर्लिन्स येथे संगीतजीवी कुटुंबात वाढलेला जॉन्सन गिटारप्रमाणेच व्हायोलिनही वाजवीत असे. १९२५ मध्ये सेंट लुई येथील एका ब्लूज्-स्पर्धेत तो विजयी झाला आणि ओके कंपनीशी त्याचा ध्वनिमुद्रणाचा करार झाला. आपल्याला ध्वनिमुद्रणाची संधी हवी होती आणि स्पर्धा ब्लूज्ची होती म्हणून आपण ब्लूज् गायलो, अशा आशयाचे त्याचे पुढील काळातील निवेदन आहे. हाच जॉन्सन डिसेंबर १९२७ मध्ये शिकागो येथे लुई आर्मस्ट्राँगच्या 'हॉट फाइव्ह' या जॅझ-वृंदाबरोबर वाजवताना आढळतो. 'हॉटर दॅन दॅट' या मुद्रिकेत आर्मस्ट्राँगचा निरर्थक शब्दांनी गाणारा आवाज आणि जॉन्सनची गिटार यांचा संवाद ऐकू येतो. १९२८ मध्ये त्याने ड्यूक एलिंग्टनच्या वृंदात वाजवले. त्याच वर्षी गिटारवादक एडी लँग याच्याबरोबर त्याची युगलवादने सुरू झाली आणि ती १९२९ पर्यंत मुद्रित होत राहिली. त्यांत लँग बहुधा कॉर्डांची चौकट सांभाळतो आणि जॉन्सन एका तारेवरील स्वरपंक्ती रचतो.

लँग गौरवर्णीय होता. कृष्णवर्णीयांसाठी म्हणून वेगळ्या विकल्या जाणाऱ्या मालिकेत या मुद्रिका निघाल्यामुळे त्याचे नाव 'ब्लाइंड विली डन' असे छापले गेले. ब्लूज् आणि जॅझ यांच्यामधील जी भिंत आपण संगीताची म्हणून समजतो, ती बऱ्याच अंशी विक्रीच्या यादीची आणि वर्णभेदाची होती, हे या एका टोपणनावावरून स्पष्ट व्हावे. जॉन्सनसारखा वादक या भिंतीच्या दोन्ही बाजूंना सहज वावरत होता. 'आधी ब्लूज्, मग जॅझचा संस्कार' हा क्रम किमान त्याच्या बाबतीत लागू पडत नाही.

तथापि १९३० नंतरच्या काळात जॅझने बारा मापांच्या साच्यात पुष्कळ नवे भरले, हेही खरे आहे. काउंट बेसीचे 'वन ओ'क्लॉक जंप' (१९३७) ही रचना ब्लूज्च्याच साच्यावर उभी होती. त्या काळातील जॅझ-वृंदांच्या ब्लूज्मध्ये सहाव्या मापात मध्यमाच्या कॉर्डचा आधारस्वर तीव्र मध्यमावर चढवण्याची, आठव्या मापात धैवताची कॉर्ड योजण्याची आणि नवव्या-दहाव्या मापांत रिषभावरून पंचमावर येण्याची पद्धत रूढ झाली. धैवताच्या कॉर्डमध्ये कोमल रिषभ येतो आणि तो पुढील रिषभाची वाट दाखवतो. अशा रीतीने एका विसाव्याकडून दुसऱ्याकडे नेणारे जोडदुवे वाढले. १९५१ मध्ये चार्ली पार्करच्या 'ब्लूज् फॉर ॲलिस' या रचनेत ही प्रक्रिया टोकाला पोहोचली. तेथे पहिल्याच कॉर्डमध्ये कोमल निषादाच्या जागी शुद्ध निषाद आहे आणि पाचव्या मापापर्यंत जोडदुव्यांची एक उतरती साखळी आहे. मापे बाराच राहिली, परंतु विसाव्याची कल्पना बदलली.

गिटारच्या बाबतीत या वळणावर दोन वादक उभे आहेत. दोघेही टेक्सास राज्यात जन्मले आणि एकमेकांना ओळखत होते. विद्युत्-गिटारमुळे एका तारेवरील स्वर वृंदाच्या गजरातही ऐकू येण्याची सोय नुकतीच झाली होती. गिब्सन कंपनीचे 'ई-एस १५०' हे वाद्य १९३६ मध्ये बाजारात आले होते. चार्ली क्रिश्चन (१९१६-१९४२) ओक्लाहोमा सिटी येथे वाढला आणि १९३९ मध्ये बेनी गुडमनच्या वृंदात दाखल झाला. त्याची उपज सॅक्सोफोनच्या धाटणीची आहे : मापाची सीमा ओलांडून जाणाऱ्या लांब स्वरपंक्ती, कॉर्डच्या वरच्या स्वरांवर दिलेला भर, लगतच्या पडद्यांवरून केलेला प्रवास. तार खेचण्याचे त्याला फारसे प्रयोजन वाटत नाही.

टी-बोन वॉकर (१९१०-१९७५) याने बालपणी डॅलसमध्ये ब्लाइंड लेमन जेफरसन या अंध ब्लूज्-गायकाला हाताला धरून वाट दाखवण्याचे काम केले होते. १९४७ मधील त्याच्या 'कॉल इट स्टॉर्मी मंडे' या मुद्रिकेत ट्रम्पेट, सॅक्सोफोन व पियानो यांचा छोटा जॅझ-वृंद साथीला आहे. षड्जाच्या कॉर्डमध्ये वरच्या रिषभाची भर घालून तिला रुंद करावे, ती आकृती पट्टीवर अर्ध्या स्वराने सरकवावी, हे सारे जॅझचे आहे. पण गायनाच्या ओळींमध्ये जेव्हा गिटार उत्तर देते, तेव्हा तार खेचली जाते आणि गंधार पुन्हा आपल्या मूळ अस्थिर जागी येतो. क्रिश्चनने जॅझची भाषा घेताना हा उच्चार बहुतांशी मागे ठेवला. वॉकरने ती भाषा घेतली आणि उच्चार राखला. दोघांच्याही निवडी जाणत्या होत्या, आणि त्यांपैकी एकीला प्रगती व दुसरीला मागासलेपणा म्हणण्यास आधार नाही.

पुढील पिढीत वॉकरचा मार्ग अधिक रुळला. बी. बी. किंग याने आपल्या आदर्शांत लॉनी जॉन्सन, वॉकर आणि क्रिश्चन या तिघांचीही नावे घेतली आहेत. कॉर्ड वाजवण्यात आपण कमी पडतो, असे तो मोकळेपणाने सांगत असे; मात्र पाचव्या मापात मध्यमाची कॉर्ड आली, की कोमल गंधार हा तिचाच घटक आहे याची जाण त्याच्या एकेका स्वरात दिसते. १९६२ मध्ये गाजलेल्या बॉबी ब्लँडच्या 'स्टॉर्मी मंडे'त गिटारवादक वेन बेनेट याच्या साथीमुळे सातव्या-आठव्या मापांत षड्जापासून गंधारापर्यंत चढत जाणाऱ्या कॉर्डांची मालिका रूढ झाली. उलट दिशेने, केनी बरेल या जॅझ-वादकाने १९६३ च्या 'मिडनाइट ब्लू'मध्ये पियानो वगळून वृंद आटोपशीर केला आणि ब्लूज्ची मोकळी जागा पुन्हा मिळवली. आदान असे दोन्ही बाजूंनी घडत होते.

या सर्व वृत्तान्तावरून एक निष्कर्ष काढता येतो. मराठीने फारसी-अरबीतून शेकडो शब्द घेतले. परंतु 'दरवाजा' मराठीत येताच 'दरवाज्यात' झाला, 'किल्ला' 'किल्ल्यावर' झाला. शब्द परके राहिले नाहीत, कारण प्रत्ययाची व्यवस्था आपली होती. ब्लूज् गिटारने जॅझच्या कॉर्ड याच न्यायाने घेतल्या. जेथे प्रश्नोत्तराची रचना, विसाव्याचा कोमल निषाद आणि न ठरलेला गंधार टिकले, तेथे कितीही कॉर्ड वाढल्या तरी श्रोत्याने ते वादन ब्लूज् म्हणूनच ओळखले. जेथे ही व्यवस्थाच बदलली, तेथे बारा मापे कायम असूनही वेगळे संगीत निर्माण झाले. म्हणून ब्लूज् गिटारच्या अभ्यासकाने वादकाला किती कॉर्ड येतात याची मोजदाद करण्यापूर्वी त्याचा गंधार ऐकावा. आणि ज्या वादकांना विक्रीच्या यादीने एका खान्यात बंद केले, त्यांचा इतिहास लिहिताना तो खाना आपणही पुन्हा रेखत नाही ना, हे पाहावे.